मी घासलेली बिंदगी

आमच्या घरात दारू हा शब्द काढायचा नाही असा दादांचा नियम होता आणि दिवसातून दहा वेळा तो मोडायचे तेही तेच. दादा म्हणजे माझे वडील, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. सकाळचा चहा व्हायच्या आत ओसरीवर त्याच विषयाची माणसं येऊन बसलेली असायची. कोण परवा बाजारात लवंडला होता, कुणाच्या विहिरीत हंडा दोरी बांधून सोडलाय, कुणाच्या उकिरड्यात गुळाचं रसायन पुरलंय, अशी खबर घेऊन कुणीतरी यायचं आणि दादा काठी उचलून निघायचे. नवसागर, काळा गूळ, बाभळीची साल ही नावं मी बाराखडीबरोबरच शिकले. पुढे सगळी नोकरी मी बिअरच्या कारखान्यात केली, धान्य भिजवण्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंतच्या कामाची मुख्य म्हणून निवृत्त झाले, आणि या विषयातलं माझं बालवाडीचं शिक्षण दारूबंदीच्या अध्यक्षांच्या ओसरीवर झालं, हे सांगितलं की आजही लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं.

दादांचा राग उगाच नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, एका वर्षी माजलगावकडे ऊसतोडीला गेले होते. परत येताना ट्रकमधल्या सोबत्यांनी रस्त्यात कुठूनतरी एक बाटली घेतली आणि सगळ्यांनी मिळून संपवली. दोघं गेले. तात्या वाचले, पण तिसऱ्या दिवशी त्यांना दिसेनासं झालं आणि ते कायमचंच. त्या आठवड्यात दादांनी गावातली एकूण एक भट्टी फोडली. ज्यांचा त्या बाटलीशी काडीचा संबंध नव्हता त्यांचीही फोडली. त्यात गोदामावशी होती. एकटी विधवा बाई, चार हंड्यांवर पोट भरणारी. तिचे चारही हंडे दादांनी चावडीसमोर कुऱ्हाडीनं चेचले. ती तिथंच उभी राहून बघत होती म्हणतात, रडली नाही की शिवी दिली नाही. नंतर ती एस.टी.च्या थांब्यावर आंबील विकायला बसू लागली. दादा तिच्यासमोरून जाताना मान दुसरीकडे करायचे आणि ती मुद्दाम भांडी वाजवायची. माझ्या कळत्या वयात या दोघांमध्ये एवढाच व्यवहार होता.

तात्या मात्र घरातले सगळ्यात आनंदी गृहस्थ. डोळे गेले आणि त्यांचं नाक आणि जीभ अशी काही तल्लख झाली की आम्हा पोरांना चोरून गूळ खायची सोय राहिली नाही. कुणाच्या घरी कोणती डाळ शिजतेय, हे त्यांना ओसरीवर बसून कळायचं. वाढलेल्या भाकरीचा एक तुकडा मोडून, ही नव्या ज्वारीची की पेवातल्या जुन्या ज्वारीची, ते सांगायचे. येळवशीला आंबिलीची पहिली वाटी तात्यांना द्यायची आणि ते काय म्हणतात याची सगळ्यांनी वाट बघायची, हा आमच्या शेतातला रिवाज होऊन बसला होता. मायला, म्हणजे माझ्या आईला, त्या एका वाटीची धास्ती देवाच्या नैवेद्याहून जास्त असायची.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला शेतातला सण. ऐन थंडीत येतो. ज्वारी छातीला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेले असतात, करडईची पानं बोचतात. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी खोप, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव, त्यांची पूजा करायची आणि येईल त्याला जेवायला घालायचं. ओळखीचा, अनोळखी, रस्त्यानं जाणारा, सगळ्यांना हाक मारून. सगळ्या शेंगभाज्या आणि ओले दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि या सगळ्यावर आंबील. आंबील नसेल तर बाकीच्याला काही अर्थ नाही. ती घरून निघते बिंदगीत, म्हणजे लहान तोंडाच्या मातीच्या मडक्यात, आणि घरची बाई ती डोक्यावरून नेते. कुणाची लवकर संपली आणि कुणाची उरली यावरून वर्षभर बायकांची पत ठरायची. मायची कधीच उरली नव्हती.

मायची रीत अशी. ज्वारीचं भरड पीठ पाण्यात कालवायचं, बिंदगीत भरायचं, तोंडाला फडकं बांधून दोन दिवस ठेवायचं. चांगलं आंबलं, नाकाला गोड-आंबट झोंबायला लागलं की येळवशीच्या सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवायचं, निववायचं आणि वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. विरजण असं काही घालायचं नाही. ती आपोआप आंबते अशीच घरातली समजूत होती. बिंदगी मायच्या सासूच्या सासूपासूनची, आतून काळपट, आणि तिला आतून कधी हात लावायचा नाही, नुसतं पाणी फिरवून पालथी घालायची, एवढं मायला सांगितलं होतं. का, ते तिनं विचारलं नव्हतं आणि मीही नाही. आमच्या घरात बायकांना पुष्कळ गोष्टी अशाच सांगितलेल्या असायच्या.

मी अंबाजोगाईला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं ते निव्वळ वनस्पतिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या म्हणून. तिथं सय्यद सर भेटले. कृश अंगाचे, पांढरा स्वच्छ सदरा, पाच वेळची नमाज न चुकवणारे. या माणसानं जन्मात थेंब चाखलेला नव्हता आणि बिअरवर बोलायला लागले की तास संपल्याची घंटा आम्हाला ऐकू यायची नाही. ते सांगायचे की दोन नद्यांच्या मधल्या फार जुन्या शहरांत मजुरांना रोजीत जवाची बिअर मिळायची, मापानं, आणि ती आंबवणाऱ्या बऱ्याचशा बायका असायच्या. घट्ट, धान्याची, पोटभरीची बिअर, आज आपण बघतो तशी पाण्यासारखी नव्हे. ते म्हणायचे, "बेटा, जिथं पाणी, धान्य आणि आंबवणारे हात एका जागी आले, तिथं माणसं टिकली. देवळं मागून, राजे मागून." पुढे युरोपातल्या गावांची गोष्ट. कुठल्या गावची विहीर गोड म्हणून तिथली बिअर नावाजली, मग तिथं पिंपं करणारे सुतार आले, गाडीवान आले, खानावळी आल्या, कर घेणारे आले आणि गावाचं शहर झालं. मी मागच्या बाकावर बसून डोळे मोठे करून ऐकायची. आमच्याकडे हाच पदार्थ गाव बुडवतो असं मी जन्मापासून ऐकत आले होते.

त्याच सरांनी एकदा वाईट दारूवर तास घेतला. ज्यानं डोळे जातात ते पिण्याचं अल्कोहोल नसतंच, ते निराळं, कारखान्यात वापरायचं स्पिरिट, रंगानं वासानं जवळपास तसंच, आणि त्यानं डोळ्याची नस मरते, हे त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं. मला पुढचा फळा दिसेना. आमच्या घरात इतकी वर्षं त्या बाटलीबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिच्यात नेमकं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की मला हेच शिकायचं. सरांनी मुंबईच्या एका संस्थेचा फॉर्म आणून दिला, आंबवण्याच्या तंत्राचा, मुख्यतः बिअरचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पदवीचा निकाल लागून मी घरी येऊन बसले आणि काही महिन्यांनी पत्र आलं की निवड झाली आहे, नव्या वर्षात हजर व्हा.

पत्र इंग्रजीत. दादांनी ते ओसरीवर शाळेच्या गुरुजींना वाचायला दिलं. गुरुजींनी चष्मा सारखा केला, दोनदा वाचलं आणि भर बैठकीत त्याचा असा अनुवाद केला: "अध्यक्ष, शकूला मुंबईला दारू गाळायला बोलावलंय." हसायचं की नाही हे कुणाला ठरवता येईना. दादांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि आत आले.

"माझ्या भावाचे डोळे ज्यानं गेले, ते माझी लेक शिकणार?"

मी तोपर्यंत त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "कशानं गेले डोळे, ते तरी कुणाला माहीत हाय का या घरात? मला माहीत हाय."

मायनं भाकरी थापायची थांबवली. दादा वळता वळता म्हणाले, "येळवस होऊ दे. मग सांगतो." दादांचं 'मग सांगतो' म्हणजे काय ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मी हिरमुसून गोठ्यात जाऊन बसले आणि म्हशीशी पुष्कळ काही बोलले.

येळवशीच्या चार दिवस आधी माय परसात घसरली आणि तिचं मनगट उतरलं. हाताला हळदीचा लेप, वर फडकं. सणाचा सगळा स्वयंपाक माझ्यावर आला. मला मनातून बरंच वाटलं. चाळीस-पन्नास माणसं जेवायला येणार, सरपंच येणार, गुरुजी येणार, सगळ्यांसमोर असं काही रांधायचं की दादांनी म्हणावं, पोरगी शिकली तर काही बिघडत नाही. म्हणून मी काय केलं? आधी भांडी हाती घेतली. कॉलेजात आम्हाला पहिला धडा स्वच्छतेचा होता. बिंदगीत डोकावले तर आत काळपट थर, जुनाट वास. मला शिसारी आली. मी काथ्यानं, राखेनं ती आतून खसाखसा घासली, उकळतं पाणी ओतलं आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून विहिरीतले जंतू मारायला ग्रामपंचायतीनं दिलेली टीसीएलची पावडर पाण्यात कालवून रात्रभर भरून ठेवली. सकाळी बिंदगी आतून तांबूस, नव्यासारखी. मी ती मायला दाखवायला नेली. मायचा चेहरा पडला, पण ती एवढंच म्हणाली, "आता घासलीस तर घासलीस."

मी पीठ कालवून भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे येळवशीच्या आदल्या दिवशी, फडकं सोडून बघते तर पीठ तळाला बसलेलं आणि वर निवळशंख पाणी. बुडबुडा नाही, आंबट वास नाही. वास येत होता तो विहिरीत पावडर टाकल्यावर येतो तसा. मी बोट बुडवून चाखलं. पिठाचं पाणी. थंडी मरणाची, आणि हातात एक दिवस.

तेव्हा एका क्षणात सगळं उमगलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जी आंबील आपोआप होते म्हणत होतो, ती आपोआप होतच नव्हती. त्या काळपट थरात, मडक्याच्या भोकाभोकांत, पणजीपासूनचं विरजण जिवंत होतं. दरवर्षी तेच पीठ आंबवत होतं. तीन वर्षं मी सूक्ष्मदर्शकातून जे जीव बघितले, ज्यांची लॅटिन नावं पाठ करून पहिला वर्ग मिळवला, ते माझ्याच घरच्या मडक्यात शंभर वर्षं सुखानं नांदत होते आणि मी त्यांना विहिरीची पावडर पाजून मारलं. पुढे नोकरीत असताना मला एका गोऱ्या पाहुण्यानं सांगितलं, की त्यांच्याकडच्या उत्तरेच्या थंड खेड्यांतून लाकडाच्या कड्या असतात, बिअर करताना त्या आत बुडवायच्या आणि न धुता वाळवून ठेवायच्या, आणि एखाद्या घरचं विरजण मेलं तर शेजारणीकडून मागून आणायचं. तो मोठ्या कौतुकानं सांगत होता आणि मी मान खाली घालून हसत होते.

मायला मी सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं चांगल्या हातानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "गावात अजून एकाच घरचं मडकं असलं हाय. पण तिच्या दारी तू जाणार कशी?"

मी गेले. गोदामावशी अंगणात धान्य निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"मावशी, थोडी आंबील पायजे. विरजणाला."

"अध्यक्षाच्या घरात ताक आटलं का?"

"माझ्याकडनं बिंदगी घासली गेली."

"आतून?"

"आतून. टीसीएल घालून."

तिनं सूप खाली ठेवलं आणि अशी हसायला लागली की तिला पदर तोंडात कोंबावा लागला. हसून झाल्यावर म्हणाली, "एवढं शिकून आलीस आन एवढं येडं काम? तुझ्या बापानं माझे हंडे फोडले, पर त्येला बी असं मुळातून मारायला जमलं न्हाई गं." मग उठली, आत गेली आणि तिचं मडकंच उचलून आणलं. "नुसतं विरजण नेऊन काय करशील? मडकं ने. उद्या परत आणून दे. आन घासू नगंस."

परत वळताना माझी नजर तिच्या ओसरीतल्या ओल्या पोत्यावर गेली. पोत्याखाली ज्वारी पसरलेली, तिला पांढरे मोड आलेले, अर्धी वाळत घातलेली. मी वाकून एक दाणा उचलला, चावला. गोड. सय्यद सरांकडे कुठूनतरी आलेली एक छोटी काचेची बाटली होती, तिच्यात जवाचे असेच मोड काढून वाळवलेले दाणे, आणि ते सांगायचे की सगळ्या जगातल्या बिअरचा पाया हा, याला माल्ट म्हणतात. ती बाटली ते वर्गात हातोहात फिरवायचे आणि मोजून परत घ्यायचे. इथं गोदामावशीकडे पोतंभर पडलं होतं.

"हे कशाला करता मावशी?"

"मोडाचं पीठ मूठभर घातलं की लवकर चढती. थंडीचं लागतंच. माझी माय करायची." तिनं माझ्या पदरात चार मुठी ओतल्या. "आन ऊब दे तिला. जीव हाय त्यात, गारठ्यात कसा उठल?"

विरजण किती, खाऊ काय घालायचं, ऊब किती द्यायची. तीन वर्षांच्या वह्या तिनं अंगणात उभ्या उभ्या तीन वाक्यांत सांगितल्या. एकच भर मला घालता आली. मोडाचं पीठ कोणत्या उबेला सगळ्यात जास्त गोडी सोडतं ते मला माहीत होतं, बोट जेमतेम ठेववेल इतक्या गरम पाण्याला. मी घरी येऊन मोड दळले, तसल्या पाण्यात कालवून तासभर झाकून ठेवले. चाखलं तर मधासारखं. ते पूर्ण निवल्यावर नव्या पिठासकट मावशीच्या मडक्यात घातलं, मडक्याला गोधडी गुंडाळली आणि चुलीमागच्या भिंतीशी भुशाच्या ढिगात बसवलं. दर थोड्या वेळानं कान लावून बघत होते. दुपार टळता टळता आतून सळसळ ऐकू आली, बारीक, पावसानंतर रान बोलतं तशी. मी मायला हात धरून आणलं. तिनं कान लावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर सरळ रडले. नंतर कारखान्यात वीस हजार लिटरच्या टाक्या माझ्या सहीनं आंबायला लागल्या, पण त्या मडक्याला कान लावल्यावर झाला तसा आनंद मला कुठल्याही टाकीनं दिला नाही, हे अगदी खरं सांगते.

येळवशीला शेत माणसांनी भरलं. मी आंबील पहाटे शिजवून, ताक-लसूण घालून घरच्या घासलेल्या बिंदगीतच भरून डोक्यावरून नेली, मावशीचं मडकं घरी झाकून ठेवलं. पूजा झाली, दादांनी शेताच्या चारी बाजूंना आंबील शिंपडली, पंगत बसली. पहिली वाटी तात्यांना. मायनं डाव्या हातानं पदर गच्च धरला होता.

तात्यांनी नाकाजवळ नेली. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. इतका वेळ ते कधी लावायचे नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "लई झकास झाली. पर ही आपल्या घरची न्हाई. ही गोदाची हाय." थांबून म्हणाले, "आन गोदाची बी पुरी न्हाई. ह्यात गोडी हाय एक, ती गोदाला बी कधी जमली न्हाई."

सरपंच गालातल्या गालात हसत म्हणाले, "अध्यक्षाच्या पंगतीत गोदाचं मडकं." दादांचा हात घासावर तसाच राहिला. माय काहीतरी बोलायला गेली, तिच्या आधी मीच उभी राहिले. म्हटलं, आता लपवून काय होणार. मी सगळं सांगितलं. पावडर, मेलेलं विरजण, मावशीच्या दारी जाणं, मोड, गरम पाणी, भुसा. चूक माझी, विरजण मावशीचं आणि गोडी मी शिकलेली, असंही सांगितलं.

दादांनी ऐकून घेतलं, ओसरीवरच्या खबरीचं ऐकतात तसं, एकही शब्द न चुकवता. मग विचारलं, "आन तात्याच्या बाटलीत काय व्हतं? त्या दिवशी म्हणलीस, तुला माहीत हाय."

"ते असं आंबवलेलं नव्हतंच, दादा. कारखान्यातलं स्पिरिट मिसळलेलं व्हतं. माणसानं प्यायचं न्हाईच ते. नाकाला कळत न्हाई, जिभेला कळत न्हाई. तपासावं लागतं. आपल्याकडं तपासणारं कुणी नव्हतं. मुंबईला तेच शिकवतात, काय कसं होतं आन कशात विष हाय ते वळखायचं."

सगळे तात्यांकडे बघायला लागले. ते वाटी मांडीवर धरून बसले होते. हळू म्हणाले, "इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं न्हाई, कशानं गेलं ते. मला वाटायचं, मीच लई पिलो."

मी आजवर पुष्कळ सभांत बोलले, सत्कार घेतले, दिल्लीत एकदा तर मोठ्या लोकांसमोर भाषण केलं. तात्यांच्या त्या वाक्यापुढे मला दुसरं काही मोठं वाटत नाही.

दादा पानावरून उठले. अर्ध्या जेवणावरून उठायचं नसतं, येळवशीला तर नाहीच. हात धुतले, चपला घातल्या आणि बांधावरून गावाकडे निघाले. पंगत तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं ज्वारीतून दोन डोकी येताना दिसली. पुढे दादा आणि मागे गोदामावशी, डोक्यावर पदर, नवं लुगडं घाईनं नेसलेलं. दादांनी तिला मायच्या शेजारी बसवलं, स्वतः पत्रावळ मांडली आणि बिंदगीतून वाटी भरून तिच्यापुढे ठेवली. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही, आणि तिनंही मागितला नाही. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघून भुवया वर केल्या आणि म्हणाली, "बापापरीस हुशार निघाली." त्यावर दादाच सगळ्यात आधी हसले.

सरपंचांना राहवेना. ते म्हणाले, "मग अध्यक्ष, पोरीचं काय ठरलं म्हणायचं? गुरुजी म्हणत व्हते, मुंबईला..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

दादांनी खिशातून ते पत्र काढलं. इतके दिवस ते खिशातच होतं हे मला तेव्हा कळलं, घडीवर फाटायला आलं होतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं आणि पंगतीकडे तोंड करून, चावडीवर बोलायच्या आवाजात म्हणाले, "माझी लेक बिअर बनवायला शिकणार हाय. मुंबईला जाऊन. कुणाला काय म्हणायचं आसंल त्यानं आत्ता, माझ्यासमोर म्हणावं."

गुरुजी पानातला उंडा निरखत बसले. मग तात्यांनी हात लांब करून रिकामी वाटी हवेत धरली आणि म्हणाले, "मला म्हणायचंय. अजून एक वाटी वाढा."